रद्दी

मेहुण्याच्या काट्यावर बसतो मी आता, तुर्भ्याला.
इंग्रजी पेपर सोळा रुपये किलो, मराठी चौदा.
का, ते गिऱ्हाईक विचारत नाही, मीही सांगत नाही.

त्या आठवड्यात एका आयातवाल्याच्या गोदामातून
तीन गोणी आल्या, चोळामोळा कागदांच्या.
काळ्या लाकडाची माणसं आली होती त्यांत गुंडाळून
दार-ए-सलामहून, न्हावाशेवामार्गे.
माणसं वाशीच्या मॉलमध्ये गेली,
अंगावरचे कपडे आमच्याकडे.
मेहुणा म्हणाला, कुठली भाषा ही, दहाच्या वर देऊ नका.

मी एक पान मांडीवर घेऊन सपाट केलं.
बत्तीस वर्षं प्रुफं वाचली, ठाण्यात, जांभळी नाक्यामागे,
एका साप्ताहिकाची. ते आता नाही.
भाषा कळो न कळो, बोट ओळीखाली जातंच.
हाबारी. म्हणजे खबर असणार.
हेसाबु. हा तर आमच्याच वहीतला.
दोघांनी एकाच अरबाकडून उसने घेतलेले शब्द,
परत कुणीच केले नाहीत.

पान दोन, खाली कोपऱ्यात, एक चौकट.
शेवटची ओळ: तुनाओम्बा राधी.
रद्दी? मला हसू आलं.
छापतानाच कळलं होतं की काय यांना.

शनिवारी रेहेमा आली. नेरुळला फार्मसी शिकते,
जुनी पुस्तकं किलोवर नेते, घासाघीस मराठीत:
“काका, मागच्या वेळी चाळीसला दिलंत.”
तिला चौकट दाखवली.
वाचताना तिचा आवाज खाली उतरला,
पायऱ्या माहीत असलेल्या घरात उतरावा तसा.

म्हणाली, ही चुकीची दुरुस्ती आहे.
मंगळवारच्या अंकात बुडालेल्या मच्छीमाराचं नाव
हामिसी छापलं. हामिसी जिवंत आहे, तो भाऊ.
बुडाला तो शाबानी.
शाबानीच्या घरच्यांची, आणि हामिसीचीही,
आम्ही माफी मागतो.
“रद्दी नाही काका, राधी.
जिभेचं टोक दातांत धरा.”

मी जीभ चावली.

बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्फोट झाला होता,
सात नावं होती. पाचवं दिगंबर बाळू मढवी.
मूळ प्रतीत दिगंबर, अंकात दिनकर,
मधे फक्त माझे डोळे.
बायको घणसोलीहून आली, अंकाची घडी पिशवीत.
रडली नाही. एवढंच म्हणाली,
“दिनकर कोण, विचारतात लोक.”
संपादक म्हणाले, आठवड्यात विसरतील,
चुकीला जागा दिली तर जाहिरात कुठे लावू?
दुरुस्तीची ओळ मी लिहून ठेवली होती, शर्टाच्या खिशात.
शर्टाबरोबर धुतली गेली.

रेहेमाने पान उलटलं आणि तिथेच उभी राहिली.
मागे भरती-ओहोटीच्या वेळा होत्या, तिच्या गावच्या.
टांगा. हो, गावाचं नावच टांगा.
चार महिन्यांपूर्वीची भरती
ती बोट ठेवून वाचत होती, घड्याळाकडे बघत.
“हे पान मी नेऊ?”
मला पुढची बाजू हवी होती, तिला मागची.
कागदाला तसं करता येत नाही.

घेऊन जा म्हटलं. वजन केलं नाही.
जाण्याआधी चौकट उतरवून घेतली देवनागरीत,
बिलबुकात, सतराव्या पावतीवर,
आणि खाली, दिनकरवर काट मारून,
समासात, प्रुफवाल्यांच्या पद्धतीने,
दिगंबर.

रात्री हिशेब जुळवताना मेहुणा अडला.
“हे गिऱ्हाईक कोण? किलो नाहीत, पैसे नाहीत.”
उधारी आहे, म्हणालो, जुनी.
“तुमची की त्याची?”
त्याने उत्तराची वाट पाहिली नाही, पान उलटलं,
पुढची पावती वाचली:
अकरा किलो, मराठी.