मीठ, खिळे, दारू

वॅबॅशकाठी, व्हिन्सेन्स गावी
ओबेद थ्रॅल्किल्डचं दुकान: मीठ, खिळे, बंदुकीची दारू.
तराजू त्याचा खरा. एवढं मात्र सगळे सांगत.

फौजेत असताना त्यानं मायामी लोकांचा मका जाळला होता,
उभा,
दाण्यात आलेला.
तो वास पोत्यांना कसा लागला कोण जाणे;
बायको गोणपाटं उन्हात टाकून थकली.

निवडणुकीच्या आदल्या रात्री
त्यानं उधारीची वही चुलीत घातली.
सकाळी कचेरीच्या पायरीवर
एकेकानं मोठ्यानं त्याचंच नाव घेतलं.

विधानसभेत हद्दीचा ठराव आला.
हात वर करा.
त्यानं केला. डावा, थंडीनं दोन बोटं नेलेला.
कारकुनानं तो पुरा मोजला.

रात्री खाणावळीत भाजलेली कणसं आली.
त्यानं मीठ पुढे सरकवलं,
स्वतः घेतलं नाही.