बाबांची अरबी

मस्कतहून दोन तास. भाड्याची गाडी,
आईने बांधून आणलेलं भडंग, मागे झोपलेली रेवा
आणि नकाशावर विश्वास नसलेले बाबा:
डावीकडे घे, आता पॉवरहाऊस येईल.
पॉवरहाऊस आलं नाही. कॉफीचं दुकान आलं,
मग टायरचं, मग पुन्हा कॉफीचं.

गावाचं नाव सूर.
मी सूरला सूर मारायला शिकलो, म्हणायचे बाबा,
आम्ही हसायचो
आणि विषय तिथेच संपायचा.

घराच्या जागी लाँड्री होती.
पांढरे अंगरखे ओळीने टांगलेले, आत कुणी नसलेले.
बाबांनी काहीच विचारलं नाही.
फक्त दाराशी बूट घासले, दोनदा,
घरात वाळू आणायची नाही म्हणून.

खाडीच्या कडेला, अर्धवट गलबताच्या सावलीत
एक म्हातारा दोर वळत होता. खलफान.
बाबा त्याच्याशी बोलू लागले
आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस,
रागावला तरी पूर्ण वाक्यात रागावणारा,
त्याचा आवाज पातळ झाला,
हात नको तितके हलू लागले.

चौथीत असताना त्यांना इथून नेलं.
अरबी इथेच राहिली, दहा वर्षांची.
तिच्यात मासा होता, चेंडू होता,
मी नाही केलं, आधी त्यानेच मारलं, होतं.
कर्ज नव्हतं. बायपास नव्हती.
खलफान त्यांना वलद म्हणत होता.
वलद म्हणजे पोर.

मग त्याने काहीतरी विचारलं
आणि बाबा थांबले.
(तुझी आई कशी आहे, असं विचारलं होतं.)
मरणाचा शब्द चौथीपर्यंत
कुणी शिकवलाच नव्हता.
बाबांनी समुद्राकडे बोट केलं, म्हणाले,
उम्मी. माय.

आमच्या कानांना दोन्ही शब्द आईच वाटले.
दुसरा पाण्याचा होता, हे परतताना कळलं.
हरिहरेश्वरला गुडघाभर लाटांत उभं राहून
सोडलेला तांब्याचा कलश,
त्यांना सांगायचा होता एवढ्यात.

खलफानने मान हलवली.
बर्फाच्या डब्यात हात घालून बाटली काढली,
अंगरख्याला पुसली, झाकण उघडून पुढे धरली.
उन्हातून आलेलं पोर, तहान लागली असेल.

बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली
आणि उभ्यानेच,
हनुवटीवरून ओघळू देत,
सगळं पाणी प्यायले.