नमुना

खडेबाजारात, चपलांच्या दुकानाला लागून
आमचं काचेचं दुकान. माझ्या डोक्यावर टीव्ही.
त्यात दर चाळीस सेकंदांनी एक बाई
जेवणाच्या टेबलावरून उठते,
गळ्यातली माळ तोडते,
मोती जिन्यावरून उड्या मारत खाली जातात
(वेचणारी कोण, ते दाखवत नाहीत)
आणि ती अनवाणी गच्चीवर, वाऱ्यात.
मग अक्षरं येतात. आधी कानडीत, नंतर इंग्रजीत.
स्वतंत्र.
कानडीतही तोच शब्द आहे,
त्यावरून अजून कुणी भांडलेलं नाही.

दिवसाला आठशे वेळा ती घर सोडते.
मी मोजलंय, पहिल्या आठवड्यात, गिऱ्हाईक नसताना.
पिशवी घेत नाही.
चार्जर नाही, आधार कार्ड नाही, बसला सुट्टे नाहीत,
आणि मागून कुणी हाक मारत नाही,
गॅस बंद केलास का?

ट्रेनिंगला हुबळीहून मॅडम आल्या होत्या.
म्हणाल्या, मनगटावर मारायचं, चोळायचं नाही.
बाई आली तर सांगायचं, हे स्वतःसाठी घ्या.
पुरुष आला तर सांगायचं, त्यांना शोभेल.
बाटली तीच.
मग माझ्याकडं बघून हसल्या,
सुवर्णा, ‘मी दाखवतो’ काय? तू गडी आहेस?
दाखवते म्हण. नाजूक बोल. हे सेंटचं दुकान आहे.

निपाणीकडं आमच्या सगळ्या बायका
येतो, जातो, करतो म्हणतात.
आई पहाटे डबा बांधून म्हणायची, मी वखारीला जातो.
तिला कधी कुणी गडी समजलं नाही.
पगाराच्या दिवशी तर नाहीच.

तिच्या हातांना तंबाखूचा वास.
साबण झाला, चिंच झाली, राख झाली.
ताप आला की मी तोच हात नाकाशी धरून झोपायची.
शाळेच्या वाटेवर मात्र तो सोडून
चार पावलं पुढं चालायची.
तिनं एकदाही विचारलं नाही, का.

गेल्या महिन्यात नवा माल आला.
काळी बाटली, सोनेरी टोपण, सहा हजार आठशे.
कुणालाही न विचारणाऱ्या स्त्रीसाठी, असं खोक्यावर.
आत काय काय: मध, चामडं, देवदार,
आणि तळाला, सगळं उडून गेल्यावर उरणारा,
तंबाखू.
मी कागदी पट्टीवर एक फवारा मारला, हलवली, नाकाशी नेली.
आईचा हात.
खोकला वजा.

संध्याकाळी शिवलीला सिस्टर येतात, सिव्हिलच्या.
एष्टु री, म्हणून दर वेळी किंमत विचारतात,
दर वेळी मोठ्यानं हसतात,
आणि नमुन्याच्या बाटलीतून दोन फवारे
मास्कच्या आतल्या बाजूला मारून घेतात.
नाइट ड्यूटी आहे, म्हणतात, बर्न वॉर्ड.
मॅनेजर बघतो. मी तेव्हा
शेल्फ पुसत असते.

सुट्टीच्या आदल्या रात्री वॉचमननं पर्स तपासली.
पट्टीला त्याची हरकत नव्हती.
शटर पडलं तरी आत टीव्ही चालूच,
फटीतून निळा उजेड पायरीवर येतो
आणि जातो, तिच्या जाण्यासारखा.
फोनवर म्हटलं,
आई, नऊच्या बसनं येतो मी.
तोंडातून आपोआप निघालं.

तिनं पट्टी दिव्याखाली धरली, आधी बघितली,
मग हुंगली. डोळे मिटून, पुन्हा एकदा,
वखारीत ढिगातला नमुना घ्यावा तशी.
केवढ्याला म्हणालीस?
सांगितलं.
काडी जास्त हाय, म्हणाली,
पानाचा माल नव्हं ह्यो. फसवल्यात.
आणि पट्टी दुमडून
दाराची कडी खुळखुळत होती तिथं
फटीत घट्ट बसवून दिली.