कमरेची माया

या वहीत गावातल्या सगळ्या पुरुषांच्या कमरा आहेत.
डावीकडे नाव, मध्ये तारीख, उजवीकडे सेंटिमीटर.
शिंपिणीचा हिशेब चोख असावा लागतो.

पेंटी, दूधगाडीवाला.
लग्नाच्या सुटाला ब्याऐंशी,
पोरीच्या बारशाला एक्क्याण्णव,
मग एकशेचार.
मग रेघ.
सूट मुलाच्या मापाचा करून दे, म्हणाली त्याची बायको.
उसवला, तर आतल्या शिवणीत
मीच ठेवलेली माया
अजून दोन बोटं शिल्लक होती.

पेंटी अठ्ठेचाळीसचा. ताउनो एक्कावन्नचा.
रेइयो सरपण फोडत होता,
कुऱ्हाड ओंडक्यातच राहिली.
या सरहद्दीकडच्या रानात आम्ही म्हणायचो,
थंडी फार, लढाईतून परतलेली माणसं,
काळीज थकतं.
लोण्याचं नाव कुणी काढलं नाही.

कसं काढणार?
आमच्या मान्सिक्कीच्या लोण्यानं कर्ज फिटलं,
गोठ्यावर पत्रा चढला.
रायच्या काळ्या पावावर ते मी बोटभर थापायची.
पातळ लावलं की सासू विचारायची,
भांडलात का गं?

बर्फाचा चिखल होत होता तेव्हा नर्स आली, केर्तू नावाची,
लाल सायकल, कॅरिअरला पेटी.
उर्होच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली.
वरचा आकडा एकशेचौऱ्याण्णव.
सकाळी काय खाल्लंत?
तो कौतुकानं सांगत गेला:
खारवलेले मासे, डुकराच्या चरबीचं कालवण,
उकळून काळी केलेली कॉफी, वर साय.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे.
उर्होचं रक्त जागत होतं,
रात्रंदिवस, डोळ्याला डोळा न लावता.

साय काढलेलं दूध प्या, केर्तू म्हणाली.
उर्हो इतका हसला की पट्टा सुटला.
बाई, ते आम्ही डुकरांना घालतो!

मी हसले नाही. माझ्याकडे वही होती.

त्या आठवड्यापासून मी चोर झाले.
रोज चिमटीतले चार खडे कमी.
लोण्यात पिवळ्या फुलांचं तेल घोटून
पुन्हा त्याच लाकडी साच्यात दाबायची, वर तीच नक्षी.
कालवणात सलगम, गाजर,
लापशीवर रानातली आंबट लाल बोरं.
उर्हो खायचा, खिडकीबाहेर बघायचा,
जिभेनं काहीतरी शोधल्यासारखा.

ऑगस्टात सौनाच्या माळ्यावर डबा सापडला.
खारे मासे, अर्धा शेर लोणी, एक सुरी.
म्हणजे दोन चोर एका घरात.
डबा होता तिथे ठेवला, फडकं नीट झाकून.
चाळीस वर्षांची जीभ
एका उन्हाळ्यात कुठे शहाणी होते?

मग वेइक्को गेला. उर्होचा धाकटा भाऊ, त्रेचाळीसचा,
तळ्यावर, होडी बांधता बांधता.
त्याच्या दिवसाच्या जेवणात मोठं कोणी बोललं नाही.
टेबलाच्या मधोमध लोण्याचा पिवळा गोळा,
नक्षीचा, न मोडलेला.
पोरांनीच खाल्लं काय ते.

रात्री माळ्याची शिडी कुरकुरली.
सकाळी अंगणात कुत्रा डबा चाटत होता.

आज उर्होच्या विजारीचं माप घेतलं, नाताळसाठी.
आधी वहीत एकशेसात.
टेप फिरवली, पुन्हा फिरवली.
अठ्ठ्याण्णव.
तेलानं झालं, की भाजीनं, की भावाच्या जाण्यानं,
ते वहीत लिहायला रकाना नाही.
वरचा आकडा अजून एकशेसाठ आहे. केर्तू मान हलवते.

जुन्या विजारीचं कापड पहिल्यांदाच आत घ्यायचं.
कात्री उचलली, खाली ठेवली.
माया कापू नये, आत दुमडावी.
माणसाचा काय भरवसा.

पोट आत ओढू नकोस, मी म्हटलं,
माप चुकतं.
ओढलेलं नाही, तो म्हणाला.