केसभर

उजव्या दाढेवर टोपी बसवून आज पाचवा दिवस.
कडक भाकरी मोडते, शेंगाचटणी लावते,
आणि दात मिटताना
ती एकटीच आधी पोचते,
लग्नाच्या आदल्या रात्रीच येऊन बसलेल्या
लांबच्या पाहुणीसारखी.
बाकीचे तेवीस अधांतरी.

तेवीसच. चार काढून जागा केली होती
सोळाव्या वर्षी, तारा लावल्या तेव्हा.
नायना साखर पेठेत दोन-दोन पाळ्या करायचे,
महिन्याच्या महिन्याला डॉक्टरांच्या टेबलावर
मोजून नोटा ठेवायचे,
नोटांनाही खळीचा वास.
अडीच वर्षं.
शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मीट,"
आणि टक् असा एकच आवाज आला.
दाराशी उभ्या नायनांनी तो ऐकला.
"धोटा बसला घरात," एवढंच बोलले.

रात्री घालायची प्लेट मी दोन वर्षं घातली.
मग लग्न, सामानाची बांधाबांध,
प्लेट कुठल्या डब्यात गेली, देव जाणे.

आता हविनाळे डॉक्टरीण
निळा कागद ठेवते दातांत.
"चावा. घासा. पुन्हा."
टोपीवर एकच गडद ठिपका,
बाकी सगळी हजेरी कोरी.
"किती उंच आहे हो?"
"केसभर."

केसभरासाठी जबडा डावीकडे वाट काढतो,
सकाळी कानापुढे कटकट वाजतं,
कारखान्यात कॉलर शिवताना दात आवळले जातात,
दुपारपर्यंत कानशील ठणकतं.
आणि खालचा पुढचा एक, पूर्वीचा वाकडा,
जिभेला जरा टोचतो हल्ली;
जुन्या जागेची चौकशी करतोय की काय.

डॉक्टरीण घासते, फुंकर मारते, कागद ठेवते.
यंदा ठिपके सगळीकडे, फिके, जवळजवळ सारखे.
"झालं," म्हणते. कागदावर झालंही असेल.

संध्याकाळी नायना ओट्यावर.
मागांनी कान केव्हाच नेले,
तोंडात स्वतःचा एकही दात नाही,
भाकरी दुधात कुस्करून खातात,
कवळी ट्रंकेत.
मी खुणेनं सांगितलं.
त्यांनी दोन बोटं माझ्या गालावर टेकली,
ताण्याचा ताण बघायचे तशी,
डोळे मिटले.
मी दात मिटले.
पुन्हा मिटले.

बोटं उजवीकडे थांबली.
"एक धागा अजून ताठ आहे," म्हणाले.
"उद्या परत जा."