अवैध

सकाळी सव्वासातला, दुधाची पिशवी कापता कापता
फोननं सांगितलं : अवैध सिम.
मी म्हटलं, कुणाला म्हणतोस?

बंद केला, चालू केला.
विमानाचं चित्र दाबलं, सोडलं.
सुनेच्या कानातल्याची दांडी
कडेच्या भोकात खुपसली, तेव्हा ट्रे बाहेर आला,
डॉक्टरपुढे जीभ काढावी तसा.

मग जुनं भिंग काढलं.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
ओल्या शाईचे ताव तपासले मी.
धागा सरकलाय, आकडा अर्धाच उठलाय,
हिरव्यात निळं सांडलंय :
मी बोट ठेवायचो आणि नोट मरायची.

सोनेरी पत्र्यावर एक डाग सापडला. पिवळट.
घामाचा असावा.
नातवाच्या खोडरबरानं हलकेच पुसला,
फुंकर मारली, परत बसवलं.
अवैध सिम.

बिटकोपासून बस. द्वारकेला बावीस मिनिटं उभी.
शेजारचा माणूस ओरडून कुणाला तरी सांगत होता,
‘अहो द्वारकेलाच आहे अजून!’
मला त्याच्या वैतागाचा हेवा वाटला.

प्रधान पार्कात, जिन्याखालच्या गाळ्यात
अफसाना नावाची मुलगी, कपाळाला दिवा बांधलेली.
तिनं माझं सिम तिच्या फोनात घातलं, तिचं माझ्यात.
तिचं लगेच रुळलं. दोन काड्या, तीन काड्या.
माझं तिथंही अवैध.
‘फोन ठणठणीत आहे काका. वरून तोडलंय.’
वरून म्हणाली, तर मी छताकडे बघितलं.
पैसे घेतले नाहीत तिनं.

कंपनीच्या गॅलरीत टोकन सत्तेचाळीस.
टाय लावलेल्या पोरानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
‘हा नंबर तुमचा नाहीच.
चिंतू लहानू भोये, तालुका सुरगाणा.
त्यांनी गेल्या महिन्यात कळवलंय,
माझ्या नावावरचा हा नंबर माझा नाही.’

आणि मला ती छत्री आठवली.
बिटको चौकात, दोन हजार दहा साल,
पन्नास रुपयांत सिम, वर टॉकटाइम फुकट.
मी म्हटलं, कागद घरी राहिले.
तो म्हणाला, राहू द्या हो साहेब, बघतो मी.
दगडाखाली झेरॉक्सचा गठ्ठा होता त्याच्या.
वारा सुटला की वरचं रेशनकार्ड फडफडायचं.

म्हणजे इतकी वर्षं मी
चिंतू भोये म्हणून वाजत होतो.
मुलीचं जमल्याचा फोन, बायपासचा रिपोर्ट,
गॅसची टाकी, भावाशी धरलेला अबोला
आणि रात्री दीडला तो सोडणारा एक मिस्ड कॉल,
सगळं त्याच्या खात्यावर.
द्राक्षाच्या छाटणीला आला असेल तेव्हा.
स्वतःसाठी एकच सिम घेतलं असेल बिचाऱ्यानं.

मला राग यायला हवा होता.
पण चूक काय सांगितली त्यानं?
कुठलं भिंग न लावता
ओळीतली खोटी नोट उचलली.
एकतीस वर्षं मी हेच करत होतो
आणि खिशात मीच होतो.

नवीन सिमसाठी फोटो लागतो.
‘इकडे बघा. पापण्या मिटा. उघडा. परत मिटा.’
जिवंत असल्याचा पुरावा म्हणे हा.
दोनदा चुकलो. डोळ्यांत पाणी येतं हल्ली, मोतीबिंदूनंतर.

‘सुरगाण्यात रेंज असते का हो?’
‘टेकडीवर चढलं की येते म्हणतात.’

नंबर आला. पाठ होईना. शेवटी दोन शून्यं.
त्यानं जुनं सिम चिमटीत धरलं, ‘हे टाकू?’
टेबलाखाली डबा होता, चहाच्या कपांनी भरलेला.
प्रेसमध्ये बाद नोटही आधी मोजायचो,
रजिस्टरात चढवायचो, दोघांसमोर बंद करायचो.
मी खिशातून पेन काढलं.
‘सही कुठं करायची?’

तो म्हणाला, ‘काका,
याला सही लागत नाही.’