डावी भुवई

लोक त्याचे ठोसे मोजतात.
माझा हिशेब भुवईचा. डाव्या.

आल्सिदेस थॉर्न, बँटमवेट, कोलोन बंदरातला,
सतराव्या वर्षी पहिल्यांदा माझ्यासमोर स्टुलावर बसला
तेव्हा ती अखंड होती,
एका दमात ओढलेल्या रेघेसारखी.
चार राउंडची लढत, चाळीस डॉलर,
त्यातले दहा हातमोज्यांच्या भाड्याचे.
तिसऱ्या राउंडला समोरच्याचं डोकं लागलं.
मी बोळा दाबला. तो म्हणाला, दुखत नाही.
मी म्हणालो, तुला विचारलंय कुणी?

त्यानंतर ती कधी पुरती मिटली नाही.
तिथली कातडी जुन्या पाकिटाच्या घडीसारखी,
जरा वाकवली की उकलायची.
कुठल्या गावचा कुठला टाका, मला पाठ आहे.
बारांकिया, दोन.
ग्वायाकिल, पाच, वर पंच विकला गेलेला.
ओसाका, एकही नाही.

ओसाकाला अकराव्या राउंडमध्ये
त्याने बरगडीखाली जो डावा घातला
त्याचा आवाज मला आलाच नाही.
समोरचा माणूस गुडघ्यांवर आला, तो आला ऐकू.
पट्टा कमरेला बांधल्यावर
आल्सिदेसने पहिली गोष्ट काय केली, तर खाली बसला.
भूक लागलीय म्हणाला.
दोन आठवडे बर्फ चोखून काढले होते,
शेवटचे शंभर ग्रॅम डब्यात थुंकून थुंकून उतरवले होते.
पहाटे तीनला जगज्जेता
स्टेशनाबाहेर उभ्या उभ्या उकडलेली अंडी खात होता.
सात. मी मोजली.

कोलोनला बंबावरून मिरवणूक निघाली.
कालव्याच्या तोंडाशी ताटकळलेल्या जहाजांनी
त्याच्यासाठी भोंगे दिले, असं तो सांगतो.
जहाजं तशीही भोंगे देतात.

पट्टा तीनदा राखला.
एक घर, दुसरं घर, मेव्हण्याला हार्डवेअरचं दुकान,
आणि एक मॅनेजर, ज्याला आल्सिदेसची सही
आल्सिदेसपेक्षा बरी जमायची.

चौथ्या वेळी कार्डिफ.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
सातवा राउंड संपवून तो स्टुलावर आला
आणि मला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली.
बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती.
भुवई उघडली होती, नेहमीसारखी, जास्त नाही.
मला साठ सेकंद मिळतात.
चाळिसात बंद केली असती, डोळे झाकून केली असती.
बोळा औषधात बुडवला
आणि जिथे दाबायचा
त्याच्या बोटभर वर दाबला.
वर व्हॅसलीन चढवलं, नेहमीच्या सफाईने.
रक्त आपल्या वाटेने डोळ्यात उतरत राहिलं.
आठव्याच्या मध्यात डॉक्टर वर चढला,
पापणी उचलून पाहिली, मान हलवली.
आल्सिदेस ओरडत होता,
दिसतंय मला, अहो, दिसतंय.

पट्टा गेला. मग एक घर, मग दुसरं.
मेव्हणा तेवढा राहिला.
पेपरात आलं, भुवईने घात केला.
ते कात्रण मी ठेवलं नाही.

पुढे आणखी दोन लढती झाल्या. त्या मी धरत नाही.

आता तो फ्री झोनमध्ये गोदामावर रात्रपाळी करतो.
रविवारी मासे घेऊन येतो,
यारिएलाच्या परीक्षेबद्दल बोलतो,
तिचे विषय, मार्क, बाईंची नावं,
कुठे अडखळत नाही.
मी मनातल्या मनात ताडून पाहतो. दर रविवारी.

गेल्या खेपेला खवले काढताना माझं बोट कापलं.
हल्ली हात थरथरतो.
त्याने कापूस आणला,
बोट उजेडाकडे वळवून बराच वेळ पाहिलं
आणि दाबलं.
बरोबर जिथे दाबायचं तिथे.
असंच ना, म्हणाला,
मान वर न करता.

रक्त लगेच थांबलं.
त्याने बोट सोडलं नाही.